एकशे ऐंशी फुटांवरची माती

आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. गोंदियाकडचं धानाचं गाव सोडून मी सटाण्याला बोअरच्या गाडीवर लागलो. त्या दुपारी पहिल्यांदाच लीव्हर एकट्या माझ्या हाती होता. गाडीचे उस्ताद गावात जेवायला गेले होते. जाताना बजावलं, "थांबायचं नाय. आणि हॅमर भोकात अडकवला, तर सरळ गोंदियाची गाडी धर."

शेतमालकांच्या सूनबाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. दर दहा फुटांना वर आलेली भुकटी मूठभर घेऊन त्या पोत्यावर ओळीने मांडत होत्या. शेताच्या कडेने काळ्या दगडांची सरळ रांग पार टेकडीपर्यंत गेलेली. मी विचारलं, "ही भिंत कोणी बांधली, मॅडम?"

"कोणीच नाही. जमीन ताणून फाटली, भेगेत लाव्हा वर चढला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचं झिजलं, हा उरला."

मला वाटलं, चेष्टा करतात.

एकशे ऐंशीला काळी भुकटी लाल झाली, विटेसारखी. बाई पळतच आल्या. "अरे, ही माती! खालचा लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने त्याची माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला नि ही भाजून निघाली." लगेच आवाज बदलला. "पाण्याने फुगते ही. ढासळून हॅमरवर बसेल. काढ वर."

उस्तादांचं ऐकू की यांचं? मी रॉड वर घ्यायला लागलो. शेवटचे दोन कुरकुरत, अडत आले. टोकाचा हॅमर बाहेर दिसला तेव्हा कुठे श्वास सुटला.

मग ती माती चिमटीत धरली. हिच्यावर पाऊस पडला होता, बघायला माणूस नव्हता. दोन आगींच्या मधे माती होण्याइतकी शांतता होती, हे मला अजून झेपत नाही.

"काय रे भाताच्या पोत्या, गाडी बंद करून झोपला का?" उस्ताद आले. मी लाल मातीचा ढीग दाखवला. त्यांनी बोटांनी चोळून पाहिला.

"कोणी थांबवली?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "यानेच."

"हं. माती अडवायला केसिंगचा पाइप सोडू. त्यातून जाईल असा छोटा हॅमर लाव. लीव्हर तूच धर."

बाईंचे आभार मानायचं तेव्हा सुचलंच नाही. छोटा हॅमर लाल थर ओलांडून पुन्हा काळ्या दगडाला लागला, हादरा तळपायांत आला. त्या मातीच्याही आधीच्या आगीत मी उतरत होतो.