अण्णांनी दाखवलेलं कारण

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांसारखा कंत्राटदार सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झाला असता तर सरकारी इमारतींना गळती म्हणजे काय हे कळलंच नसतं. अण्णा मूळचे मैंदर्गीचे. रागावले की कानडीत बोलत आणि काम बिघडलं की एकदम गप्प होत, त्यामुळे गवंडी त्यांच्या शिव्यांपेक्षा त्यांच्या गप्प बसण्याला घाबरायचे. वाळूची गाडी आली की चिमूटभर जिभेवर ठेवून तिच्यात माती किती ते सांगत. विटेवर वीट आपटून गाण्याच्या मास्तरासारखा कान लावत. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी कार्यालयाच्या मालकाला बाजूला घेतलं आणि काळजीनं सांगितलं, "भिंत पोट काढून उभी हाय की तुमची!"

मी तेव्हा सरकारी बांधकामाच्या कचेरीत टंकलेखक होतो. अण्णांना वळसंगजवळ शाळेच्या दोन खोल्यांचं काम मिळालं. सिमेंट त्या काळी खात्याकडूनच यायचं, आणि आलेली पोती ओल लागून दगड झालेली. ती बदलून द्या म्हणून अण्णांनी अर्जांवर अर्ज केले. उत्तर नाही. कुणीतरी सुचवलं, गोळे फोडून चाळून घ्या, सगळेच घेतात. अण्णा म्हणाले, "खाली पोरं बसणार हाईत," आणि काम बंद ठेवलं. मुदत उलटली. मग नोटीस निघाली : आपलं नाव काळ्या यादीत का घालू नये, याची सात दिवसांत कारणे दाखवावीत.

सातव्या दिवशी अण्णा धोतराचा सोगा सावरत कचेरीत हजर. त्यांनी पिशवीतून नारळाएवढा सिमेंटचा गोळा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?" साहेब ओरडले.

"कारण. दाखवा म्हणलात की. बाकीची भाईर गाडीत हाईत. आणू?"

सगळी कचेरी हसली, साहेब सोडून. अण्णांना तीन वर्षं एकही सरकारी काम देऊ नये, असा हुकूम निघाला. टाइप करायला तो माझ्याकडेच आला. मी केला. नोकरी नवी होती, एवढंच सांगू शकतो.

खोल्या दुसऱ्या कंत्राटदारानं घेतल्या. त्याला ताजं सिमेंट मिळालं, पण भर उन्हाळ्यात नव्या भिंतींवर पाणी मारायला त्यानं माणूस ठेवला नाही. हे कळल्यावर अण्णा रोज सकाळी एस.टी.नं वळसंगला जाऊन स्वतः बादल्या ओतू लागले. "अण्णा, तुमाला काय मिळणार ह्यातनं?" त्या कंत्राटदारानं विचारलं. "भिंत मिळंल की," अण्णा म्हणाले.

तीन वर्षांनी बंदी उठल्याचं पत्रही मीच टाइप केलं आणि स्वतः घरी नेऊन दिलं. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. आता टेंडर भरा, असं मी म्हणालो, तर मान हलवली. "गवंडी पांगले, पावणं. नवी माणसं जमवायचं वय न्हाय माझं." मग कागदावरून हात फिरवत अगदी मनापासून म्हणाले, "टायपिंग मात्र लई सुरेख हाय तुमचं. त्या वक्ताला पण एक चूक नव्हती."

मला वर बघवलं नाही.