साबण लावून काढलेली अंगठी
कपड्याच्या साबणाचा वास आला की मला ताईचं सुजलेलं बोट आठवतं. मुलाला दुसरीकडची पोरगी पसंत पडली म्हणून साखरपुडा मोडायला इंदापूरची मंडळी आमच्या घरी आली होती, आणि ताईच्या बोटातली अंगठी निघत नव्हती. मुलाची आई साबण लावून ओढत होती. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होते. न राहवून म्हणाले, "वेडिंग शब्दाचं मूळ तारण आहे. बोली मोडणाऱ्याचं तारण बुडतं, अंगठी मिळायची नाही." आमचे वडील, तात्या, ओरडले, "गप बस!" बाई मात्र हसली. "मग पोरगीच ऱ्हाऊ दे तारण तुमच्याकडं. आमाला सोडवायची न्हाय." अंगठी निघाली, कातडं घेऊनच. आता मी इंग्रजी शिकवते; वेडिंग म्हणजे लग्न, एवढंच सांगते.