अण्णांची लोखंडी म्हैस

साताऱ्याहून निघताना बहीण म्हणाली, "म्हैस बघायला बदलापूरला? इथल्या गोठ्यात कमी आहेत का?" मी लक्षच दिलं नाही. वेल्डिंग करून शिल्पं घडवणारे त्या भागातले पहिले म्हणजे आमचे अण्णा. मला त्यांनीच शिकवलं. ते गेले, आणि त्यांची शेवटची म्हैस बघायची राहिली, ती राहिलीच.

आधी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये उतरले. अण्णा ज्यांच्याकडून लोखंड न्यायचे त्या सिंधी भंगारवाल्या शेठनी दाल-पकवान (चणाडाळीबरोबरची कडक पुरी) पुढे केलं. "पहले सगळे अण्णांना हसायचे, दीदी. आता पोरं चित्रं घेऊन येतात, असाच तुकडा पाहिजे म्हणतात." मग सहज म्हणाले, "आज गाववाले म्हशीला ग्राइंडर मारतायत. वेल्डिंगचे सगळे जोड घासून एकदम साफ!"

मी पकवान तसंच खाली ठेवलं. जोड दिसलेच पाहिजेत, हा तर अण्णांचा हट्ट! "लपवायला आपण काय चोरी केलीय?" म्हणायचे. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर जोड घासले, म्हणून स्वतःच्या कामाला कधी ग्राइंडर लावला नाही.

तशीच रिक्षा पकडली. अंबरनाथजवळ चाक खड्ड्यात बसलं, तर मी रिक्षावाल्यावरच ओरडले. "मॅडम, खड्डा मी खणला काय?" बिचारा म्हणाला.

बदलापूर गावात तळ्याकाठी ठिणग्या उडतच होत्या. "बंद कर आधी!" मी खेकसले. ग्राइंडर धरलेला गावातला वेल्डर संतोष दचकला. म्हशीचा एक पाय गुळगुळीत झाला होता.

"अण्णा गेले, फिनिशिंग राहिलं," तो म्हणाला. "घासल्याशिवाय काम पुरं होतं काय? म्हटलं, आपण पुरं करू. चुकलं का, ताई?"

मी अण्णांचा हट्ट सांगितला, तसे त्याचे डोळे भरले. माझीच मला लाज वाटली. प्रेमानेच करत होता की हो तो!

माझा आवाज ऐकून अण्णांच्या पत्नी, काकू, घरातून धावत आल्या. म्हशीचा पाय नीट बघितला. मग संतोषला म्हणाल्या, "रडतोस काय? त्या पायावर जोड आता तू मार."

संतोषने मशीन सुरू केलं. वेल्डिंगची रेघ नागमोडी गेली. "अण्णांसारखं नाय जमलं, काकू."

लोखंड निवल्यावर काकूंनी त्यावरून बोट फिरवलं. "त्यांचा पहिला जोड याहून वाकडा होता. आमच्या कपाटाचं दार अजून लागत नाही."

मी आणि संतोष, दोघंही हसता हसता रडलो.

अण्णांचं काम जसंच्या तसं राहावं म्हणून मी धावत गेले होते. घरी आल्यापासून बहिणीला म्हशीबद्दल सांगतेय, आणि दर वेळी संतोषने जोड मारलेल्या पायापासूनच सुरुवात होते.