चौदा थांबला की पंधरा थांबतो

ती ओळ माझी होती. अहवालाच्या दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं: ‘चौदा नंबरचा माग थांबला की पंधरा थांबतो. सिग्नल मिसळत असावेत. तपासणी आवश्यक.’

चादरींच्या त्या कारखान्यात चोवीस माग होते. प्रत्येकावर मी काडेपेटीएवढी डबी बसवली होती. माग बंद पडला की डबी वायरीशिवाय मालकांच्या ऑफिसात निरोप पाठवायची. बसवताना विणकर भोवती जमले होते.

“सायब, फोटो काढतंय का हे?”

“फोटो न्हाय रं, तंबाखू मळायला थांबलास की बोंबलतंय.”

सगळे हसले. मी मात्र गंभीरपणे सांगितलं, “हे माग मोजतं, माणूस नाही. यात कुणाचं नाव नाही.” मी खोटं बोलत नव्हतो. निरोप बाहेरच्या कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्यांना कुलूपही घातलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. पण तिथे विणकर वर्षानुवर्षं आपला माग बदलत नाही, हे मला माहीत नव्हतं; मी विचारलंच नव्हतं. चौदा नंबर म्हणजे कोण, हे झाडूवालीलाही ठाऊक होतं.

चौदावर साठीच्या घरातले एक विणकर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांची नजर अधू झाली होती. शेकडो उभ्या धाग्यांतला तुटलेला धागा त्यांना सापडेना. मग पंधरावरचा विणकर यायचा, सांधून द्यायचा आणि परत जायचा. येण्याआधी तो स्वतःचा माग बंद करायचा, कारण पाठ वळलेली असताना धागा तुटला तर चादरीत खोट विणली जाते. हे सगळ्या शेडला माहीत होतं, मालकांना नव्हतं. कुणी कुणाला गप्प बस म्हटलेलं नव्हतं, तरी सगळे गप्प होते.

मला पडद्यावर फक्त दोन रेषा दिसत होत्या. एक खाली आली की दुसरी खाली. मी दोन्ही डब्या बदलल्या, तरी तेच. अर्धा तास शेडमध्ये जाऊन उभा राहिलो असतो तर कळलं असतं. मी ऑफिसातल्या पंख्याखाली बसून ती ओळ लिहिली.

मालक वाचून हसले. “तुमच्या यंत्रात बिघाड नाही. लई हुशार आहे ते.” दुसऱ्या दिवशी ते खांबाआड उभे राहिले आणि दुपारी मामांना मागावरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं. जन्मभर विणलेल्या माणसाला घड्या. कसं कळलं, ते मालकांनी सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला पंधरावरच्या विणकराने मला फाटकात गाठलं.

“मामा माझ्याशी बोलंना झालाय. म्हणतो, तूच मालकाच्या कानाला लागलास. सायब, तुमच्या डबीनं सांगितलं का?”

“हो,” मी म्हणालो.

“मग तुमीच सांगा की त्याला. माझं ऐकत न्हाय.”

रविवारी सकाळी मी मामांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, आत घरच्या भाषेत, तेलुगूत, चहाचं सांगितलं.

“मामा, त्यानं काही सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

“डबीला माझे डोळे दिसत्यात व्हय?” ते हसले. “त्यानं धाडलंय तुमाला. तुमी भले माणूस, आलात.”

मी खिशातून कागद काढला, त्या दोन रेषांचा. त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, मग लांब धरला, मग नीट घडी घालून परत दिला. “बरोबर असंल,” म्हणाले. काय करून बसलो ते मला तेव्हा उमगलं.

मग तोंडीच समजावलं. तुमचा माग थांबायचा, मग त्याचा थांबायचा, रोज, पुन्हापुन्हा. त्या जोडीवरून कळलं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. “म्हंजे तो माझ्याकडं आला म्हणून कळलं?”

“हो.”

“आला नसता तर?”

मी खरं बोलायला गेलो होतो. “एकट्या चौदाचं थांबणं माझ्या लक्षात आलं नसतं.”

“मग त्याच्यामुळंच की,” मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी कागद खिशात ठेवला आणि उठलो.

आता त्या डब्या मागामागाचा निरोप देत नाहीत, फक्त पाळी संपल्यावर साऱ्या शेडची बेरीज देतात. त्यासाठी मी मालकांशी भांडलो. ते अजून कुरकुरतात. पंधरावरच्याने विचारलं, “सांगितलं का?” “सांगितलं,” मी म्हणालो. मामा काय म्हणाले, ते मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तो आता फक्त आपल्याच मागाचा धागा सांधतो, आणि मामा त्याने विणलेल्या चादरीची घडी घालतात.