वलगावला सांगितलेली ष्टोरी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, आणि आज पूर्ण सांगणार — अर्ध्यावर थांबायची माझी सवय मला ठाऊक आहे.

साठ साल अजून उजाडायचं होतं. मी अमरावतीला मॅट्रिकच्या वर्गात होते. मावशीबरोबर सिनेमाला जायचे, बायकांच्या बाजूला बसायचे, आणि सुटीत मामाकडे वलगावला गेले की तिथल्या बायकांना ती ष्टोरी सांगायचे. मामाच्या घरात बायकांना सिनेमाची बंदी होती. उन्हाळ्यात ओसरीवर शेवया चालत. ष्टोरी सांगणारीला काम माफ. मी रंगवून सांगायचे — जरा जास्तच.

त्या वर्षी एका सिनेमाचा भारी गवगवा होता. दोन रुमाल घेऊन जा, असं वर्गातल्या मुली सांगत होत्या. आणि मी? माझा पार विरस झाला. नायिकेचं एकावर प्रेम, बापानं दुसरीकडे ठरवलेलं, आणि ही बया तीन तास बापापुढे तोंड उघडत नाही. गाणी म्हणते, खोकते, शेवटी मरते. एकदा बोलली असती तर मध्यंतरालाच घरी जाता आलं असतं! मला राग येत होता. पण आजूबाजूच्या बायका मुसमुसत होत्या — मग मीही पदर डोळ्यांना लावला. कोरडाच.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

मामाची शांता माझ्याहून वर्षानं मोठी. गावातल्या शाळेच्या एका मास्तरांवर तिचा जीव होता. मास्तर दुसऱ्या जातीचे. त्यांची अकोल्याला बदली झाली होती, आणि त्यांनी तिला सांगितलं होतं — तू आधी वडिलांच्या कानावर घाल, मग मी येऊन रीतसर मागणी घालतो. ते आठ दिवसांत जाणार होते. हे घरात फक्त मला माहीत होतं.

त्या दुपारी ओसरीवर मी तोच सिनेमा सांगितला. कसा? मला दिसला तसा नाही. त्या बाईचं गप्प राहणं मी असं काही सांगितलं की मामीचा शेवयांवरचा हात थांबला. सगळ्या रडल्या. मला काय धन्य वाटलं म्हणून सांगू.

बायका उठून गेल्यावर शांता जवळ आली. "तुले पटलं काय ते? तिच्या जागी तू असती तं काय केलं असतं?"

ती कुणाबद्दल विचारते आहे, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण आत्ताच जिनं सगळ्यांना रडवलं ती ष्टोरी — तिला स्वतःच्या तोंडानं खोटी म्हणू?

मी म्हटलं, "मीबी चूपच राहिली असती."

शांता चूप राहिली. मास्तर गेले. पुढच्या वर्षी तिचं तिवशाला लग्न झालं. घर वाईट नव्हतं, एवढंच.

आणि माझी वेळ आली तेव्हा? कॉलेजात एकाशी ओळख झाली होती. एका सकाळी मी वडिलांना सरळ सांगून टाकलं, लग्न करीन तर ह्याच्याशीच. पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलले. माझ्या लग्नात शांता दोन दिवस पडेल ते काम करत होती. दुसऱ्या दिवशी मला एकटीला गाठून म्हणाली, "तू तं बोलली मंग." रागानं नाही. आणि मी काय म्हणाले? विचारलं — जेवलीस का?

त्याला सहा वर्षं झाली. उद्या सकाळच्या मोटारीनं मी तिवशाला चालले आहे. तो सिनेमा मला दीड दमडीचा वाटला होता आणि तुझ्याशी मी खोटं बोलले, हे तिला तोंडावर सांगणार आहे. माफी मागणार नाही. मागितली तर ती लगेच देऊन टाकील.