आधी मत, मग सही

माझा मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला तेव्हा मला बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. पण तिथलं मत द्यायला तो माझ्या जेवणाच्या टेबलावर तीन आठवडे ठाण मांडून बसेल, हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला दसऱ्याला येऊच दिलं नसतं.

महिनाभर राहायचं म्हणून तो नागपूरला आला होता. त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तोंडावर होती. मतपत्रिका त्याला ईमेलवर आली. ती त्याने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. खूण करायची, पाकिटात घालायची आणि कुरिअरने पाठवायची. मतदानाच्या दिवसापर्यंत ती तिथे पोचली नाही तर कचरा. त्याच्या राज्याचा आणखी एक नियम असा की कोणीतरी साक्षीदार लागतो. मत देणाऱ्याने आपल्यासमोर मत दिलं, कोणाला दिलं ते आपण पाहिलं नाही, असं त्याने सही करून लिहून द्यायचं. परदेशात असलेल्यांसाठी तो साक्षीदार कोणत्याही देशाचा चालतो. म्हणून मी. मी चौथी शिकले, पण सही मला येते.

पहिल्या दिवशी मी चष्मा लावून बसले. त्याने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

तो स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतो. सरकारने माणसाच्या शेतात, धंद्यात, घरात, कुठेच नाक खुपसू नये, असं मानणारे ते लोक. त्यांचा स्वतःचा एक उमेदवार असतो आणि तो दर वेळी पडतो. मी म्हटलं, मग त्यालाच दे आणि मोकळा हो. पण तसं नव्हतं. त्याच्या राज्यात थोड्याशा मतांनी पारडं फिरतं. आणि राष्ट्राध्यक्ष चार वर्षांत जातो, पण त्याने नेमलेला मोठ्या कोर्टाचा जज मरेपर्यंत बसतो. म्हणून हा माणसाकडे बघतच नव्हता. तो माणूस कोणते जज नेमेल तेवढंच बघत होता.

एका मोठ्या पक्षाचा उमेदवार त्याला मुळीच आवडत नव्हता. बोलणं वाईट, बाहेरच्या मालावर कर लावणारा. पण त्याचे जज म्हणे जमीन घेणाऱ्या सरकारला अडवतात, अधिकाऱ्यांना मनाला येईल तसे नियम करू देत नाहीत. तेच जज पोलीस घरात घुसले की मात्र गप्प बसतात. दुसऱ्या मोठ्या पक्षाचे जज उलटे. घरातल्या गोष्टींत सरकारला येऊ देत नाहीत, पण जमिनीचा आणि धंद्याचा प्रश्न आला की अधिकाऱ्यापुढे मान तुकवतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्याने हे सगळं रेघा मारून लिहिलं होतं. वर जजांची वयंही लिहिली होती. कोण किती वर्षांचा, कोणाला कोणता आजार, पुढच्या चार वर्षांत कोणाची जागा रिकामी होईल.

मी म्हटलं, "मरणाची वाट पाहून मत देतात का रे कोणी? निवडून देणारा तू, आणि नजर दुसऱ्याच्या तिरडीवर."

"आई, तुले नाही समजत. चार वर्षांचा प्रश्न नाही, तीस वर्षांचा आहे."

मला समजत होतं. त्या घरात माझ्याइतकं कोणालाच समजत नव्हतं.

सूनबाई तिथूनच रोज फोन करायची. तिचं मत केव्हाच देऊन झालं होतं. तिला जज एकाच कारणासाठी हवे होते. मुलीने मूल ठेवायचं की नाही, हे सरकारने ठरवू नये. तो म्हणायचा, हे मलाही मान्य आहे, पण मालमत्तेचंही बघावं लागतं. एकदा फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "तुमचं शेत गेलं त्याला पस्तीस वर्षं झाली. त्याची किंमत माझ्या मुलीने का द्यायची?" त्याने फोन कानाला लावला आणि बाहेर गेला. मी भाजी निवडत बसले. दोघंही सरकारला हाकलायलाच निघालेले, भांडण इतकंच की आधी कोणत्या दारातून.

शेत खरं म्हणजे माझं. माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलेलं. कसल्याशा प्रकल्पासाठी ते सरकारने घेतलं आणि तो प्रकल्प कधी उभाच राहिला नाही. आम्ही कोर्टात गेलो. माझे यजमान सरकारवर आधीपासूनच खार खाऊन होते. सरकार बाजूला झालं तर शेतकरी आपलं बघून घेईल, असं म्हणणाऱ्यांतले ते. मुलात जे आलं ते तिथूनच आलं. सुट्टीच्या दिवसांत तो बापासोबत कोर्टात जायचा.

आमच्या वकिलाने सांगितलं, सध्याचा जज नेहमी सरकारच्या बाजूने निकाल देतो. त्याची बदली होईल, तोवर तारखा घेत राहू. यजमानांना ते पटलं. त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. शेत माझ्या नावावर, म्हणून सह्या माझ्या. वर वकील काय लिहायचा ते लिहायचा. त्या कागदांवर मी दीड वर्ष आजारी होते. घरी मी पाणी भरत होते आणि पंगतीला पुरतील इतक्या भाकरी थापत होते.

जज बदलला. नवा आला तो शेतकऱ्याचा मुलगा, आपला माणूस, असं सगळे म्हणाले. यजमानांनी कोर्टाच्या दारात पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं. त्या आपल्या माणसाने पाव तासात आमची केस उडवली. अर्ज करणारी बाई कधी हजरच राहत नाही, तिला स्वतःच्या जमिनीत रस दिसत नाही, असं त्याने लिहिलं. आणि ज्याला आम्ही टाळत होतो, त्याने बदलीच्या गावी अगदी अशाच एका केसमध्ये जमीन शेतकऱ्याला परत दिली. यजमानांनी ते पेपरात वाचलं. पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. अपील केलं, तेही गेलं.

मी या सगळ्यातून एवढंच शिकले की खुर्चीवर बसलेला माणूस काय करेल, हे त्याला बसवणाऱ्यालाही माहीत नसतं. मुलगा मात्र उलटं शिकला. त्याला वाटतं, नीट बघून बसवला असता तर शेत राहिलं असतं.

कुरिअरवाल्याने सांगितलं होतं की पाच-सहा दिवस लागतात. मतदानाला आठ दिवस उरले होते. त्याच दिवशी मला दुपारी बाराच्या बसने वर्ध्याला बहिणीकडे जायचं होतं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि मी चार दिवस परत येणार नव्हते. शेजारच्या कोणाची सही घ्यायला तो तयार नव्हता. अख्ख्या गल्लीत चर्चा होईल म्हणे.

मी लुगडं बदलून बाहेर आले तर त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. साक्षीदाराची जागा बोटाने दाखवली. वरची सगळी घरं कोरी होती.

"तू सही करून ठेव. मी संध्याकाळपर्यंत विचार करून भरतो."

"कशाची साक्ष देऊ? तू काहीच केलं नाही ते मी पाहिलं, अशी?"

"फॉर्मॅलिटी आहे, आई."

"तुह्या बापानंही हेच म्हटलं होतं."

मी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. हा तुमच्या देशाचा कायदा आहे, मी बाहेरची बाई तो पाळून राहिली आणि तू नागरिक असून मोडून राहिला, असं त्याला सांगितलं. तो तिन्ही उमेदवार मला पुन्हा समजावू लागला. मी हात वर केला. मला नाव ऐकायचं नव्हतं. कोणालाही दे, नाहीतर कागद फाड आणि तुझ्या बायकोला तसं कळव.

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. पण तू चुकशील. वकील नाही, तारीख नाही."

मी तोंड खिडकीकडे केलं. बऱ्याच वेळाने पेनाचा आवाज आला. मी वळले तेव्हा कागदाची घडी झालेली होती, साक्षीदाराची जागा तेवढी वर दिसत होती. मी साक्षीदाराच्या जागी सही केली, खाली पत्ता लिहिला. पत्ता इंग्रजीत लागतो का म्हणून विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं. तीन आठवडे जजांची आजारपणं शोधत होता, एवढं बघितलं नव्हतं. शेवटी खाली त्याने इंग्रजीत लिहिलं.

त्याने मला बसस्टँडवर सोडलं, पण आधी गाडी कुरिअरच्या दुकानासमोर थांबवली. मी गाडीतच बसले होते. तो पावती घेऊन आला, सीटवर बसला, पण गाडी सुरू करेना.

"दुसऱ्याला द्यायला पाहिजे होतं का, आई?"

मी म्हटलं, माझी बस सुटते.