तीनदा धुतलेली बाटली

रशीदभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. तसाच ताटावरून उठलो. महिना होऊन गेला, तरी चिडचिड थांबत नाही... त्यांच्यावर, माझ्यावर, साऱ्या जगावर. एवढं सोसलेल्या माणसाला मरण तरी सुखाचं यायला हवं होतं.

निजामाच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, धाराशिवच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि रशीदभाई शेजारच्या तपासणीच्या खोलीत. त्या उन्हाळ्यात येरमाळ्याकडच्या गावांत पटकी पसरली. रोग्यांच्या जुलाबाचे नमुने काचेच्या बाटल्यांतून यायचे. नव्या बाटल्या मिळत नव्हत्या, म्हणून त्याच उकळून पुन्हा वापरायच्या. आणि उकळायला ना रॉकेल, ना सरपण. रशीदभाईंनी अर्जावर अर्ज केले. "दरख्वास्त वर गेली आहे," एवढंच उत्तर. वर म्हणजे कुठं, आभाळात? शेवटी ते बाटल्या गोणपाटात बांधून घरी नेऊ लागले. अंगणात तांब्याची देगची चढवायची आणि घरचं सरपण जाळायचं.

मी म्हणालो, "रशीदभाई, घरात लेकरू हाय."

"मग काय करू? तशाच गावात फिरू देऊ व्हय?"

घरचे घाबरतील म्हणून त्यांनी बायकोला, जुबेदाभाभींना, एवढंच सांगितलं होतं, "ह्या अजून पाक न्हायत." पाक म्हणजे शुद्ध. त्यांच्या मनात उकळणं होतं. भाभींनी मात्र लहानपणापासून शिकलेलं केलं. नवरा थकून येतो, तेवढाच हातभार, म्हणून काचेच्या बुचाची एक देखणी बाटली उचलली आणि चांगली तीनदा धुतली. तीनदा धुतलं की पाक. नूरीला तेव्हा दात येत होते. लेकीसाठी त्या बाटलीत बडीशेपेचं पाणी भरून ठेवलं.

नूरीला जुलाब सुरू झाले तेव्हा रशीदभाई औषध घेऊन घरी धावले आणि फळीवर त्यांना ती बाटली दिसली. तसेच ती घेऊन माझ्याकडे आले. "भाऊ, ही माझ्याच गोणपाटातली हाय ओ..." आम्ही जमेल ते सगळं केलं. लेकरू हातातून गेलं.

भाभी ऊर बडवत होत्या, "तीनदा धुतली होती ओ... पाक केली होती!"

"तुझं न्हाय चुकलं, जुबेदा. माझा शब्द चुकला."

त्या घरात तो शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. पाण्याचा पेलासुद्धा देगचीत उकळल्याशिवाय कुणाच्या हातात पडला नाही. पाहुणे हसायचे, मागून नावं ठेवायचे. मला मात्र तो पेला हातात घेताना दर वेळी रडू यायचं.

निरोप मिळताच निघून मी पोचलो तेव्हा रशीदभाईंना माती देऊन लोक परतले होते. भाभी चुलीपुढं बसल्या होत्या, देगचीत पेले खळखळत होते. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "माती द्यायच्या आधी त्यांना तीनदा आंघोळ घातली म्हणत्यात. भाऊ... तेवढं पुरं व्हईल का ओ?"